बगळा मोटरवाल्या काकू

काकूंना पाण्याची भीती वाटायची. अंबाझरी तलावावर फिरायला गेल्या तरी त्या काठापासून चांगल्या लांबून चालायच्या, आणि पोहणं त्यांना अजिबात येत नव्हतं. अशा या बाईंनी उभी हयात नावेच्या मोटरी विकल्या. भंडाऱ्यापासून चंद्रपूरपर्यंत ज्या ज्या धरणात आणि नदीत मोटरीची नाव फिरायची, तिथले लोक त्यांना ओळखायचे. एखादं नवं गिऱ्हाईक हसून विचारायचं, "मॅडम, तुमालेच पोहता येत नाही काय?" काकूंचं उत्तर तयार असायचं. "म्हणून तं मोटर माझ्याकडून घ्या. ज्याले पोहता येते त्याचं काय? मोटर बंद पडली तं तो उडी मारून काठावर येईन. मले ते जमत नाही. माझी मोटर चालूच राहा लागते."

ही मोटर विलायती कंपनीची होती. नावेच्या मागच्या फळीवर बसवायची, दोरी ओढून सुरू करायची. कंपनीचं लांबलचक नाव कुणाच्या जिभेवर बसेना. टोपणावर पांढऱ्या बगळ्याचं चित्र होतं म्हणून सगळे तिला बगळा मोटर म्हणत. एजन्सी काकूंच्या सासऱ्यांनी घेतली होती. काकांचं मन वकिलीत. त्यांना दुकानाचा वासही नको असायचा. सासऱ्यांनी मग सुनेला गल्ल्यावर बसवलं आणि ती तिथून उठलीच नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी सीताबर्डीच्या त्या दुकानात नोकरी मागायला गेले. काकूंनी माझी मार्कशीट उलटीच ठेवली.

"पोहता येते का वं तुले?"

"नाही."

"मंग ये उद्यापासून."

नागपुरात समुद्र नाही, इथे नावेची मोटर कोण घेणार, असं मला तेव्हा वाटायचं. मी तसं बोललेही. काकू भडकल्याच. "काहून? मौद्याले कन्हान वाहते ते काय सरबत आहे?" मौद्याजवळचं कन्हान नदीकाठचं गाव त्यांचं माहेर. त्या लहान असताना एकदा भर पुरात त्यांच्या वडिलांचं वल्हं मोडलं आणि नाव वाहत गेली. वडील दुसऱ्या दिवशी कुठल्याशा गावाहून चालत परत आले. ती एक रात्र आई दारातून हलली नव्हती. काकूंनी हे मला एकदाच सांगितलं, तेही डबा खाताखाता. सांगून झाल्यावर त्यांनी माझ्या डब्यातली वांग्याची भाजी मागून घेतली.

मोटर विकायची त्यांची एक रीत होती. गिऱ्हाईक जिथे नाव चालवतं तिथे त्या स्वतः जायच्या. जीपमध्ये मागे मोटर, पुढे काकू, आणि मोटर बसवायला कामठीचे रफीकभाई. मोटर बसली की काकू पदर खोचून नावेत चढायच्या. दोन्ही हातांनी फळी घट्ट धरायच्या, ओठ मिटून घ्यायच्या आणि सरळ समोर बघत राहायच्या. नाव मधोमध जाऊन परत काठाला लागली की उतरून पहिलं वाक्य, "चहा कुठं भेटन?" तेही खणखणीत आवाजात. विदर्भातल्या ढिवर मच्छीमारांना ही रीत इतकी पटली, की पुढे दुसऱ्या कंपन्यांची माणसं मोटर विकायला गेली की लोक म्हणायचे, "आधी तुम्ही बसा. अन् पोहता येत असन तं दुसरा माणूस पाठवा."

बगळा मोटरही तशीच होती. गाळात घाला, शेवाळात घाला, दोरी ओढली की गुरगुरायची. बापाने घेतलेली मोटर मुलगा चालवायचा. काकू कंपनीबद्दल बोलायच्या तेव्हा माहेराबद्दल बोलल्यासारखं वाटायचं. "आमच्या कंपनीनं असं केलं, आमच्या कंपनीत असं चालत नाही."

मग कंपनी विकली गेली. काही वर्षांनी पुन्हा विकली गेली. कारखाना कुठून कुठे हलला ते आम्हाला कधी नीट कळलं नाही. बदल मात्र मोटरीत दिसायला लागले. टोपण प्लास्टिकचं झालं. बगळा आधीपेक्षा चकचकीत आणि ऐटदार दिसू लागला. सुटे भाग मागवले तर यायला सहा-सहा महिने. रफीकभाई नवी मोटर उघडून बघायचे आणि तशीच बंद करून ठेवायचे.

भंडाऱ्याकडच्या एका जलाशयावर मच्छीमार संस्थेला बऱ्याच मोटरी एकदम घ्यायच्या होत्या. एवढी मोठी ऑर्डर दुकानाला खूप दिवसांत आली नव्हती. संस्थेचे अध्यक्ष देवरामभाऊ काकूंचे जुने गिऱ्हाईक. नवं मॉडेल घेऊन आम्ही तिघे गेलो. नेहमीप्रमाणे काकू नावेत चढल्या, शेजारी देवरामभाऊ, सुकाणूला रफीकभाई. मी काठावर.

नाव पार आत गेली आणि आवाज थांबला. आधी मला वाटलं, वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. मग रफीकभाई वाकून दोरी ओढताना दिसले. पुन्हा ओढली, पुन्हा. वारा सुटला होता, नाव आडवी होऊन डुलायला लागली. काठावरचे बाया-बाप्ये उठून उभे राहिले. दुरून मला फक्त काकूंची जांभळी साडी दिसत होती. ती हलली नाही. शेवटी दुसरी नाव वल्हवत गेली आणि त्यांना ओढून घेऊन आली.

काकू उतरल्या. या वेळी त्यांनी चहा मागितला नाही. सगळी माणसं भोवती जमली होती. देवरामभाऊच त्यांना सावरून घेत म्हणाले, "होते, काकू. मशीन आहे. एखांदी खराब निंघते."

"एखांदी नाही, देवरामभाऊ," काकू सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या. "आता हे अशीच येऊन राहिली. घेऊ नका. दुसऱ्या कंपनीची घ्या. कोणती ते मी पाहून सांगते."

आम्ही जीपने परत निघालो. मौदा मागे पडल्यावर काकूंनी गाडी थांबवायला लावली आणि आमच्याकडे वळल्या. "हे मोटर मी विकली नाही तं कंपनी एजन्सी काढून घेईन. तुमच्या दोघांच्या घरचं मले माहीत आहे. म्हणून विचारते. काय करू?"

रफीकभाईंची दोन मुलं तेव्हा कॉलेजात होती. ते म्हणाले, "काकू, मैंने खोल के देखी. अंदर का माल हलका है. मैं अपने भाई की नाव पे नहीं लगाता." मीही म्हणाले, विकू नका. मला रडू येत होतं आणि का ते कळत नव्हतं.

पंधरवड्यात कंपनीचे मुंबईचे साहेब आले. चांगला माणूस होता, आवाज चढवला नाही. "ताई, बाकी सगळे डीलर विकतायत. तुमचं एकटीचं काय अडतंय?" काकूंनी त्यांच्यासमोर तर्री पोहे ठेवले. "साहेब, तुम्ही पोहे खा. मंग आपण अंबाझरीले जाऊ. तुमची नवी मोटर लावू अन् तुम्ही-मी मधात जाऊन येऊ." साहेबांनी पोहे संपवले. अंबाझरीला जायचं मात्र त्यांनी टाळलं. जाताना म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांच्या वेळची कंपनी राहिली नाही, ताई." काकू म्हणाल्या, "मले कळलं ते. पण मी तं तीच आहे ना."

एजन्सी गेली. त्यानंतरची वर्षं ओढग्रस्तीची होती, पण दुकानाला कुलूप लागलं नाही. काकूंनी गावोगाव पडलेल्या जुन्या बगळा मोटरी जमवल्या. रफीकभाई त्या उघडून त्यातले चांगले भाग काढायचे, आणि त्यावर दुसऱ्या जुन्या मोटरी चालत्या राहायच्या. कंपनीने नावेच्या मोटरी बनवणंच बंद केलं, ही बातमी आम्हाला एका गिऱ्हाईकाकडून कळली. त्या दिवशी काकू घरी लवकर गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या एका जपानी कंपनीची मोटर घेऊनच. ती त्यांनी एक अख्खा पावसाळा देवरामभाऊंच्या नावेवर चालवून पाहिली आणि मगच तिची एजन्सी घेतली.

बाजारातले लोक टोमणा मारायचे, काकूंनी बगळा सोडला. काकूंना तो लागायचा. एकदा मला म्हणाल्या, "मी काय बगळ्याचं चित्र विकत होती का वं? माणूस घरी परत आला पाहिजे, तेवढंच मी विकलं."

गेल्या हिवाळ्यात धरमपेठेतल्या घरी काकू गेल्या. आजारी फार दिवस नव्हत्या. अंत्ययात्रेला वकिलांपेक्षा ढिवर जास्त होते. जीप, टेम्पो, मिळेल त्या गाडीने आले होते. देवरामभाऊंना आता चालवत नाही, त्यांना मुलांनी खुर्चीत बसवून आणलं.

दुकान आता रफीकभाई आणि मी बघतो. काकूंच्या मुलाचीच तशी इच्छा होती. मोठं शटर बसवून घेतलं तेव्हा नवा बोर्डही करावा लागला. पेंटरशी बोलायचं काम मी रफीकभाईंवर सोपवलं. बोर्ड चढला तो मी रस्त्याच्या पलीकडे उभी राहून वाचला. वर भल्यामोठ्या लाल अक्षरांत 'काकूंचं दुकान', आणि खाली एका कोपऱ्यात जपानी कंपनीचं नाव.

महिन्याभरात कंपनीचा तरुण अधिकारी पुण्याहून आला. बोर्ड बघून गोंधळला. कंपनीचं नाव वर आणि मोठं असायला हवं, तसा नियम आहे, असं त्याने अदबीने सांगितलं. रफीकभाई हातातलं काम ठेवून बाहेर आले, चिंधीने बोटं पुसली आणि त्याच्या शेजारी उभं राहून वर बघायला लागले.

"साब," ते म्हणाले, "कंपनी का नाम तो बदलता रहता है."