पुढचा टायर

नव्या रबराचा वास आला की मला बारामतीतलं ते सायकलचं दुकान आठवतं. इंदापूरच्या मैदानावर अर्ध्या मैलाची सायकल शर्यत होती आणि माझा थोरला भाऊ तीत उतरणार होता. आम्ही दोघं विशीतले. कऱ्हाटीहून बाजारात भाजी नेणारी आमची सायकल एकच, तिचे दोन्ही टायर झिजलेले आणि पैसे मात्र एकाच नव्या टायरपुरते. म्हातारा दुकानदार म्हणाला, "नवा पुढं घाला. मागचा फुटला तर सावरता येतं, पुढचा फुटला तर न्हाय." मला ते भित्रेपणाचं वाटलं. "दादा, मागंच घालू. सारा जोर मागच्या चाकावर असतोय," मी म्हणालो. भाऊ जुन्या टायरवरून अंगठा फिरवत राहिला आणि मग म्हणाला, "बरं, तू म्हणशील तसं." शर्यतीत तो सगळ्यांच्या पुढं होता. शेवटची दोरी वीस-पंचवीस पावलांवर असताना पुढचा टायर बार उडावा तसा फुटला आणि तो उजव्या हातावर आपटला. हाड सांधलं, पण कोपर पुन्हा सरळ झालं नाही. नांगर हातून सुटला तो कायमचा. घरी वडील संतापले, "झिजका टायर पुढं ठेवायची अक्कल कुणाची?" मी तोंड उघडायच्या आत भाऊ म्हणाला, "माझीच, आबा." मी गप्प राहिलो. वडील खरं न कळताच गेले. गेल्या महिन्यात भाऊही गेला. त्याची माफी मागायला मला उभं आयुष्य मिळालं होतं.