तिच्याच हातानं चालू होणारा कॉम्प्युटर

त्या सकाळी आम्ही दोघा नवरा-बायकोनं मिळून शेवटचं काम केलं ते कॉम्प्युटर चालू करायचं. मिळून म्हणजे काय, मी बटण दाबत बसलो होतो आणि तो चालू होत नव्हता. हिरवा दिवा एकदा लुकलुकायचा, आतला पंखा अर्धी गिरकी घ्यायचा, आणि परत सगळं गप. मी वायर हलवली, कडेला दोन चापट्या मारल्या. फौजेत मी ट्रक चालवले. गाडी चालू झाली नाही तर धक्का मारता येतो. ह्या डब्याला धक्का मारायचा कुठून?

ती तुळशीला पाणी घालून आत आली. पदराला हात पुसत म्हणाली, "सरका. तुमच्या हाताला तंबाखूचा वास येतोय त्याला."

"मग तुझ्या हाताला काय अत्तर लावलंय?"

"दाबू का नगं?"

तिनं एका बोटानं बटण दाबलं. पीं वाजलं, पंखा घुमला, पडदा उजळला. ती माझ्याकडं बघून अशी हसली की मी उठून बाहेर जाऊन बसलो. दुपारी तिच्या छातीत कळ आली. कराडला न्यायला जीप दारात येईतोवर सगळं संपलं होतं.

मी त्या डब्यावर जळायचो. सरळच सांगतो.

डबा पोराचा. त्यानं कडेगावात लग्नपत्रिका छापायचं दुकान काढलं होतं. ते बसलं, त्याला पुण्यात नोकरी लागली आणि डबा आमच्या सोप्यात आला. जाताना त्यानं आईला त्यातले पत्ते खेळायला शिकवलं. मला नाही शिकवलं. मी बी विचारलं नाही.

त्याच्या आधी दुपारी आम्ही सात-आठ खेळायचो. दोघांचाच डाव तो. हुकूम बोलायला ती लय वेळ खायची, मी वैतागायचो, ती मुद्दाम आणखी वेळ खायची. डबा आला आणि ते बंद पडलं. मी पत्ते पिसून वाट बघायचो.

"डाव टाकू का?"

"थांबा, माझा एक्का अडकलाय."

मग डब्याशी बोलायची, "ये की रं बदामच्या राजा, ये की लवकर." माझ्याशी ती जन्मात कधी असं बोलली नव्हती. त्याच्यासाठी तिनं दोऱ्याचं कापड विणलं, चारी कोपऱ्यांना मोर. माझा रेडिओ त्याच्या शेजारी तसाच उघडा धूळ खात पडलेला.

डबा रुसायला लागला तसं तिनं कराडच्या मिस्त्रीला निरोप धाडला. तो आला. जाडजूड मिशीचा, पन्नाशीला आलेला, बोलायला लोण्यासारखा. तो यायचा सकाळी, ती तुळशीला पाणी घालत असायची तेव्हाच; त्यानं बटण दाबलं की डबा हटकून चालू. "मावशी, मला बघून भितोय बघा हा," म्हणायचा. त्याला चहा कपबशीत, मला पितळीत. एकदा तर तो हातात टेस्टर घेऊन तिच्याबरोबर बाहेर गेला आणि दोघं तुळशीपाशी लय वेळ बोलत उभी राहिली.

मी आतून ओरडलो, "काय चाललंय?"

"काय न्हाई, तुळस दावतीया."

आत आली तेव्हा तोंडावर पदर होता आणि पदराआड हसू. मी संध्याकाळपर्यंत बोललो नाही. ह्या वयात? व्हय, ह्या वयात.

ती गेली. पोरगा आला, सून आली. तेराव्याच्या संध्याकाळी, माणसं पांगल्यावर, पोरगा डब्यासमोर बसला. दिवा लुकलुकला आणि गप.

"आबा, ह्याला आईचाच हात लागायचा," तो म्हणाला. मला ते बी टोचलं. "सकाळी एकदा बघतो. चालू झाला तर जीपमधनं पुण्याला नेतो, पोरांना हुईल. न्हाई झाला तर राहू दे हितंच, मेलेलं धूड कोण वाहून नेणार?"

"ने की बाबा," मी म्हणालो. "डोळ्यापुढनं जाऊ दे एकदाचं."

तंबाखू मळत बाहेर आलो तर शेजारची चुलत भावजय तुळशीपाशी उभी.

"भावजी, तुळस वाळली की वो. सगळी गल्ली भावकीचीच, सगळ्यांस्नीच सुतक. पाणी घालणार कोण? सकाळी घालते मी."

भावजय घरी गेली. मी तुळशीकडं बघत राहिलो. माती तडकून काठापासून सुटली होती, आणि त्या फटीत तार दिसत होती.

ती तार मला ठाऊक होती. घरातली वीज वरचेवर मंदावायची, तेव्हा वायरमननं ठोकलेली. "खांबावरनं येणारी एक तार कुजलीय," तो म्हणाला होता. "बोर्डाचं माणूस कवा येईल तवा येईल. तवर तुमची परतीची तार जमिनीत सोडतो. हितं रोज पाणी पडतंय, ओल राहील." ओल असली की वीज नीट, माती वाळली की बल्ब पिवळा. मी ते विसरून गेलो होतो. बल्ब पिवळा झाला की वीज खातात म्हणून मी नदीवरच्या पाणी उपसणाऱ्या मोटारींना शिव्या द्यायचो. सगळी गल्लीच द्यायची.

आणि मग मला तिचा तो तांब्या आठवला. भर उन्हात ती तांब्या घेऊन बाहेर जायची. दुपारी तुळशीला पाणी कोण घालतं? विचारलं तर म्हणायची, "तिला बी तहान लागती." मग आत येऊन बटण दाबायची.

म्हणजे मिस्त्रीनं तिला तार दाखवली होती. तिला सगळं ठाऊक होतं. मला चापट्या मारू द्यायच्या, घाम गाळू द्यायचा, आणि मग पदराला हात पुसत यायचं. सरका! लय बेरकी बाई. मला एकट्यालाच हसू फुटलं, पण घटकाभरच. ही गंमत मिशीवाल्याला ठाऊक, तिला ठाऊक, आणि घरात राहून मला नाही.

त्याहून एक वाईट गोष्ट मनात आली. पुण्यात वीज चांगली. तिथं हा डबा पहिल्या दाबाला चालू होणार. सुनेच्या हातानं, पोरांच्या, आल्यागेल्या कुणाच्याबी हातानं. सगळ्यांच्या हातानं चालू होणार, तर मग तिचा हात तो काय राहिला?

सकाळी भावजय तांब्या घेऊन आली तेव्हा मी तुळशीच्या कट्ट्यावर बसलेलो होतो.

"आण हिकडं."

"मी घालते की."

"जीप जाऊ दे. मग मी घालतो."

"आवं, मरंल ती!"

"एवढं दिस थांबली, घटकाभर आणखी थांबंल."

तिनं तांब्या माझ्या हातात दिला. आतून बटणाचा टकटक आवाज येत होता. पोरगा दाबत होता, थांबत होता, परत दाबत होता. तांब्या मी मांडीवर गच्च धरून ठेवला.

"आबा, मेला हा," तो आतून म्हणाला.

"मग राहू दे."

जीप वळणापार जाईपर्यंत मी हललो नाही. मग तांब्या तुळशीत ओतला. आतून घागर आणली, ती बी ओतली. माती गटागटा पीत होती. पाणी वर तरंगायला लागलं तेव्हा थांबलो.

मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. बोटांचा वास घेतला, परत धुतले. तंबाखूचा काही संबंध नाही हे आता मला ठाऊक होतं, तरी धुतले. मग तिच्या स्टुलावर बसलो, मोरांचं कापड बाजूला केलं आणि एका बोटानं बटण दाबलं.