हेनिंगनं बोलावलेले रविवार

परदेशात सहा महिने राहून आलेल्या माणसाला गावातले लोक पहिल्या वर्षी किस्से विचारतात. दुसऱ्या वर्षी तो न विचारता सांगायला लागतो. तिसऱ्या वर्षी त्याला लांबून पाहिलं की लोक रस्ता बदलतात. आमचं हे तिसरं वर्ष आहे!

त्यामुळं आता आम्ही तिघं एकमेकांनाच सांगतो. मी, नेकनूरचा भागवत आणि मन्मथ. मन्मथच्या घरचं कपिलधारच्या रस्त्याला किराणा दुकान आहे. मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहा घेत बसायचं, समोर डोंगरावर पवनचक्क्या फिरत असतात. त्यांची पाती दुरुस्त करायचं आमचं काम. त्याच कामासाठी कंपनीनं आम्हाला डेन्मार्कमधल्या एस्बियर्ग नावाच्या बंदराच्या शहरात पाठवलं होतं.

सगळे किस्से सांगून होतात. फक्त घरमालक हेनिंगचा विषय निघाला की भागवत चुना मागायला उठतो. खिशात चुन्याची डबी असतानाही.

* * *

पहिल्या दिवशी जेवणाची सुट्टी झाली साडेअकराला. तिथली माणसं काळ्या पावाचे डबे उघडून खाली मान घालून जेवायला लागली. कुणी कुणाकडं बघेना.

भागवतनं चपाती आणि शेंगदाण्याची चटणी काढली. पण चारचौघांना विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली घास उतरत नाही. एसटीत तो अनोळखी माणसालाही "या जेवायला" म्हणतो, समोरचा "होऊ द्या, होऊ द्या" म्हणतो आणि विषय संपतो. त्यानं इथंही इंग्रजीत सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "या जेवायला!"

आमचा सुपरवायझर लार्स उठला. साडेसहा फुटांचा माणूस, खुर्ची उचलून आला, समोर बसला आणि तीनपैकी दोन चपात्या खाऊन मोकळा झाला.

भागवत माझ्या कानात म्हणाला, "बे दत्ता, हे तर खरंच आलं!"

दुसऱ्या दिवशी भागवत भिंतीकडं तोंड करून जेवायला बसला. लार्स आपणहून खुर्ची घेऊन हजर!

खरं तर तिथली माणसं बोलावणं खरं धरतात हे आम्हाला त्याच दिवशी कळायला हवं होतं. आम्ही नुसते हसलो.

* * *

आमचं घर म्हणजे हेनिंगच्या घराचा वरचा मजला. खाली तो एकटा राहायचा. बंदरावर क्रेन चालवून रिटायर झालेला, सत्तरी ओलांडलेला, बायको जाऊन चार वर्षं झालेली.

पहिल्याच आठवड्यात मन्मथनं ठेच्यासाठी हिरव्या मिरच्या तव्यावर टाकल्या. छताचा धुराचा भोंगा जो ओरडायला लागला, तो थांबेना. हेनिंग ओला टॉवेल घेऊन जिना चढून धावत आला. खोकतोय, डोळ्यांतून पाणी, आणि भोंग्याखाली उभा राहून टॉवेल फिरवतोय.

भोंगा थांबल्यावर त्यानं विचारलं, "काय जळालं?"

मन्मथ म्हणाला, "काही नाही. स्वयंपाक!"

म्हातारा पोट धरून हसला. जाताना दारात थांबून म्हणाला, "रविवारी सहा वाजता खाली जेवायला या."

आम्ही तिघं एका सुरात, "नको नको, कशाला उगीच त्रास!"

तो म्हणाला, "बरं." आणि खाली निघून गेला.

आम्ही दाराकडं बघत राहिलो. पहिल्या बोलावण्याला हो म्हणणारा माणूस आमच्याकडं हावरट ठरतो. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा बघू म्हणायचं, तिसऱ्यांदा घरचा माणूस हाताला धरून उठवतो तेव्हा उठायचं. हा तर एका "नको"वर गेला!

भागवतनं निकाल दिला, "एकदाच इचारलं. वरवरचं हाय."

* * *

लार्सला आम्ही एका शनिवारी रीतसर जेवायला बोलावलं. तो फुलं घेऊन आला. ज्वारीचं पीठ आम्ही घरून नेलेलं, भागवत भाकरी थापत होता.

आमच्यात पाहुण्याचं ताट रिकामं दिसलं की वाढायचं. त्यांच्यात ताटात काही शिल्लक ठेवणं म्हणजे जेवू घालणाऱ्याचा अपमान. तो संपवतोय, भागवत वाढतोय. तो संपवतोय, भागवत वाढतोय! सहा भाकरी झाल्या. लार्सनं पट्टा सैल केला, कपाळ पुसलं आणि शेवटी हात जोडून विचारलं, "मी काय केलं म्हणजे हे थांबेल?"

मन्मथला दया आली. त्यानं शिकवलं, "ताटावर असा हात आडवा धरायचा."

लार्सनं हात आडवा धरला. भागवतनं तो हात हळूच बाजूला केला आणि सातवी भाकरी वाढली.

"हे काय?"

"हात बाजूला करून वाढायचं असतं!"

"मग हात धरायचा कशाला?"

भागवत म्हणाला, "तुमचं पोट भरलंय हे आमाला कळावं म्हणून!"

सोमवारी लार्स अख्ख्या वर्कशॉपला हात आडवा धरून हा किस्सा सांगत होता.

* * *

मन्मथ लिंगायत. अंडंसुद्धा चालत नाही. त्यानं बीडहून स्वतःची लोखंडी कढई नेली होती, तिला आम्ही हात लावायचा नाही असा करार होता. एका सकाळी भागवतनं घाईघाईत तिच्यात ऑम्लेट केलं.

मन्मथ चार दिवस आमच्याशी बोलला नाही. केळी खाऊन राहिला. मागच्या अंगणात बसून वाळूनं कढई घासत होता. हेनिंगनं विचारलं, "काय झालं?" मन्मथचं इंग्रजी रागात आणखी आखडतं. तो एवढंच म्हणाला, "एग. माय पॅन. फिनिश!"

आम्हाला वाटलं म्हातारा हसेल. तो हसला नाही. कढईकडं बघत शेजारी उभा राहिला, मान हलवली आणि आत गेला.

त्या रविवारीही त्यानं बोलावलं. मन्मथकडं बघून म्हणाला, "तुझ्यासाठी वेगळं करीन."

आम्ही म्हणालो, "नको नको."

* * *

असे रविवारांमागून रविवार गेले. हेनिंग दुपारी जिन्याच्या खालच्या पायरीवर उभा राहून विचारायचा. आम्ही वरून हात हलवायचो, तो "बरं" म्हणायचा. सहा वाजता खालून एका काट्या-चमच्याचा आवाज यायचा. आम्ही वर भाकरी मोडत त्याच्या चिक्कूपणावर बोलायचो. जेवू घालायचं मनात असतं तर हाताला नसतं धरलं?

पाचव्या महिन्यात त्यानं विचारणं बंद केलं. भागवत म्हणाला, "बघा, म्या म्हनलो नव्हतो?"

निघायच्या आठवड्यात लार्सनं मला बाजूला घेतलं. म्हणाला, "हेनिंग माझ्या वडिलांचा मित्र आहे, आडव्या हाताचा किस्सा मी त्यालाही सांगितलाय. तो विचारत होता, त्याचं काय चुकलं? तुम्ही लोक त्याच्या घरी का जेवत नाही?"

मी त्याला आमची रीत सांगितली. पहिला नकार, दुसरा नकार, तिसऱ्यांदा होकार. लार्स ऐकत राहिला आणि म्हणाला, "पण जायचंच असतं, तर नाही का म्हणता?"

मी बीडचा माणूस. बोलण्यात कुणाला हार जात नाही. त्या दिवशी मी हातमोजे चढवून कामाला लागलो.

संध्याकाळी दोघांना सांगितलं. मन्मथ कपाळाला हात लावून बसला. "आमी कावून न्हाई गेलो बे? एक डाव हो म्हनलो असतो तर काय झिजलो असतो?"

भागवत त्या रात्री न जेवता झोपला. आयुष्यात पहिल्यांदा!

* * *

शेवटचा रविवार. मंगळवारी आमचं विमान होतं. ठरलं, शेवटचा रविवार म्हणून तरी म्हातारा विचारील, आणि पहिल्याच हाकेला हो म्हणायचं. अकरा वाजल्यापासून इस्त्रीचे शर्ट घालून तिघं ओळीनं बसलो. जिन्याच्या पायरीवर कान.

हेनिंग आलाच नाही. एक वाजला, तीन वाजले, पाच वाजले.

सहाला खालून चमच्याचा आवाज आला तसा भागवत उठला. "चला. न बोलावता जायाचं. लई झाली रीत."

हेनिंगनं दार उघडलं. टेबलावर एक ताट, त्यात माशाचा एक तुकडा, आणि गॅसवरच्या भांड्यात सालासकट उकडलेला एक बटाटा. बस्स, एवढंच. एका माणसाचं जेवण.

मी म्हणालो, "आम्ही जेवायला आलो."

आणि तो बटाटा दिसला तसे आम्ही तिघंही ओशाळलो. सहा महिन्यांची सवय, तोंडातून निघूनच गेलं, "नको नको, तुम्ही जेवा. आम्ही नुसतं भेटायला आलो."

तो म्हणाला, "बसा."

"नको, खरंच नको."

तो म्हणाला, "बसा."

"बघू, परवा जायच्या आधी…"

हेनिंगनं भागवतच्या मनगटाला धरलं आणि त्याला खुर्चीत बसवलं. आम्ही दोघं आपोआप बसलो.

मग त्यानं कपाटातून आणखी तीन ताटं काढून मांडली, आणि एक तवा काढला. नवा कोरा. दुकानाचं लेबल अजून तसंच चिकटलेलं. तो नखानं ते खरवडत होता, निम्मं निघालं, निम्मं राहिलं. मन्मथकडं बघून म्हणाला, "एग नाही. मासा नाही. कधीच काही नाही."

मन्मथनं मान खाली घातली ती वर केली नाही.

त्या तव्यात लोणी टाकून त्यानं बटाटा परतला आणि चार तुकडे केले. एक मन्मथला, एक मला. भागवतच्या ताटाजवळ आला, तर भागवतनं ताटावर हात आडवा धरला. डोळे भरलेले, नुसता हात धरून बसला.

हेनिंगनं तो हात हळूच बाजूला केला आणि वाढलं.