बत्तीस की बावीस

प्रभाकर बिराजदारांइतका निरुपद्रवी माणूस कुवेतमधल्या आमच्या अख्ख्या सबाह अल-सालेममध्ये दुसरा नसेल. लिफ्टमध्ये झुरळ दिसलं तर ते आधी झुरळाला उतरू देतील. असा हा माणूस दिवाळीनंतरच्या एका शुक्रवारी आमच्याकडे आला, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाला, "सुमेधराव, रिव्हॉल्व्हर घ्यायचं तर पॉइंट बत्तीसचं घ्यावं की बावीसचं?"

मी बँकेत कॉम्प्युटर सांभाळतो. मला आयुष्यात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हणालो, "कुणाला मारायचंय?"

"मारायचं नाही हो," ते म्हणाले. "शैलाला घरी न्यायचंय."

हे घर म्हणजे औसा तालुक्यातलं, गावाबाहेर तीन किलोमीटरवर, त्यांच्या स्वतःच्या शेतातलं. प्रभाकरराव जाब्रियातल्या एका मोठ्या दवाखान्यात एक्स-रे टेक्निशियन. सव्वीस वर्षं नोकरी झाली. शैलावहिनी तिथून दोन गल्ल्यांवरच्या दुसऱ्या दवाखान्यात नर्स. मुलगी प्रणिता पुण्यात नोकरीला. दरवर्षी सुट्टीत गावी जायचं आणि त्या घराला एक खोली, नाहीतर एक भिंत, नाहीतर निदान एक दरवाजा जोडून यायचं, हा प्रभाकररावांचा नेम. इथे लोक सोनं घेतात, फ्लॅट घेतात. हे सिमेंट घेत. येत्या जूनमध्ये दोघांची नोकरी संपणार होती आणि त्या घरात राहायला जायचं ठरलं होतं. कुणी ठरवलं होतं, हे मी तेव्हा विचारलं नाही.

मग दिवाळीत फोन आला. त्यांच्या शेताला लागून एक निवृत्त मास्तर आणि त्यांची बायको राहायची. रात्री पाच जण शिरले, दोघांना बांधलं, मारलं, असेल नसेल ते नेलं. मास्तरांचा हात मोडला. शैलावहिनींनी फोन ठेवला आणि म्हणाल्या, "मी त्या घरात राहायची नाही. तुम्ही राहा खुशाल. मी प्रणिताकडे जाते पुण्याला."

दुसरा एखादा नवरा भांडला असता, नाहीतर गप्प बसला असता. प्रभाकरराव टेक्निशियन होते. अडचण आली की ते यंत्र शोधत. वहिनींच्या वाक्याचा त्यांनी असा अर्थ लावला की घरात हत्यार नाही म्हणून ही राहणार नाही. एकदा अर्थ लागल्यावर त्यांनी पुन्हा त्या वाक्याकडे पाहिलं नाही.

गोळी हा विषय त्यांना नवा नव्हता, हेही खरं. सव्वीस वर्षांत त्यांनी माणसांच्या अंगातल्या बऱ्याच गोळ्या पाहिल्या होत्या. कुठल्याशा लग्नात हवेत झाडलेली आणि भलत्याच्याच खांद्यात उतरलेली. शिकारीला गेलेल्या भावाच्या हातून सुटलेली. एकदा एक कुवेती आजोबा खोकला झाला म्हणून छातीचा फोटो काढायला आले, तर फोटोत पाठीच्या फऱ्याजवळ एक ठसठशीत पांढरी गोळी. प्रभाकरराव घाबरले. आजोबा म्हणाले, राहू दे, नव्वद सालातली आहे, इराकी घुसले तेव्हाची, आता ती घरचीच झाली. डॉक्टर मंडळी फोटोवर पट्टी ठेवून गोळी किती एमएमची ते सांगायची आणि प्रभाकरराव मनात हसायचे. शरीरातली वस्तू फोटोत आहे त्यापेक्षा मोठी उमटते, प्लेटपासून जितकी लांब तितकी जास्त मोठी. हे त्यांना माहीत होतं, डॉक्टरांना घाईत आठवत नसे. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता.

पुढचे पाच महिने आमचे शुक्रवार बंदुकीत गेले. नऊ एमएम पहिल्याच दिवशी बाद झालं, कारण भारतात साध्या नागरिकाला ते मिळत नाही. उरलं बत्तीस आणि बावीस. बावीसची गोळी लहान, धक्का कमी, नेम धरायला सोपं. बत्तीसची मोठी, धक्का जास्त, पण समोरचा थांबण्याची शक्यताही जास्त. औशाचा एक चुलतभाऊ फोनवर म्हणाला की बावीसनं चिमण्याही मरत नाहीत. लातूरचे एक निवृत्त फौजदार म्हणाले की बत्तीसनं माणूस थांबतो हेही काही खरं नाही, पळणाऱ्याला पळायला कारण मिळतं एवढंच. इंटरनेटवर अमेरिकेतली माणसं या विषयावर इतकी हमरीतुमरीवर आलेली होती की आपल्याकडे भावकीतही येत नाहीत. मी प्रभाकररावांना एक्सेलमध्ये तक्ता करून दिला. वजन, धक्का, गोळ्या किती बसतात, गोळ्या कुठं मिळतात. आपल्याला जे येतं त्यानं आपण मदत करतो. मी तक्ता दिला आणि मला फार बरं वाटलं.

"आकडा मोठा म्हणून उपयोग नाही," प्रभाकरराव म्हणायचे. "लागली कुठं, ते बघावं लागतंय. मी बघितलंय ना. पण हात थरथरायला लागल्यावर नेम कुठला धरायलाव? म्हणून म्हणायलो, बत्तीस."

पुढच्या शुक्रवारी ते परत बावीसवर आलेले असत.

वहिनी या बोलण्यात कधी आल्या नाहीत. कांदाभजी आणून ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चालू द्या तुमचं." प्रणिताला फोनवर कळलं तेव्हा ती म्हणाली, "बाबा, आर यू सीरियस?" बाबा सीरियस होते. जानेवारीत दहा दिवसांची सुट्टी काढून ते लातूरला गेले आणि कलेक्टर कचेरीत स्वतःच्या नावानं अर्ज देऊन आले. तिथल्या कारकुनानं त्यांना विचारलं, की राहता कुवेतला, तर जिवाला धोका कुणाकडून? प्रभाकररावांनी त्याला जूनपासून धोका सुरू होईल असं सांगितलं. हे मला सांगताना ते स्वतःच हसले नाहीत, म्हणून मीही हसलो नाही.

एप्रिलमध्ये त्यांनी हट्ट धरला की एकदा हातात घेऊन बघायचंच. शहराबाहेर जहराच्या वाटेला एक शूटिंग क्लब होता. बताका, म्हणजे इथलं ओळखपत्र, दाखवलं की तिथे आपल्यासारख्यांनाही प्रशिक्षकासमोर थोड्याफार गोळ्या झाडता येत. तिथं बत्तीसचं नव्हतं. बावीसचं रिव्हॉल्व्हर होतं आणि नऊ एमएमचं पिस्तूल. प्रभाकररावांचा हिशेब साधा होता: दोन्हींचा धक्का खाल्ला की मधल्याचा अंदाज येतो. शनिवारी सकाळी मी गाडी काढली. परतताना भाजी घ्यायची होती म्हणून वहिनीही आल्या. मागच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन, बँकेत रांगेला बसल्यासारख्या.

यूसुफ नावाचा तिथला प्रशिक्षक भला माणूस होता. आमच्या इमारतीतल्या लोकांपेक्षा बरं हिंदी बोलायचा. त्यानं प्रभाकररावांच्या कानांवर मफ चढवले, उभं राहायला शिकवलं. प्रभाकररावांनी बावीसच्या सहा आणि नऊच्या पाच गोळ्या झाडल्या. कागदाला लागल्या. नऊच्या पहिल्या धक्क्याला ते अर्धं पाऊल मागे गेले, पण वळून आमच्याकडे पाहिलं तेव्हा चेहरा असा फुलला होता की मला त्यांचं फार कौतुक वाटलं. साठीला आलेल्या माणसाला नवं काही जमावं, ही काही छोटी गोष्ट नाही.

"बत्तीस जमतंय," ते म्हणाले. "आरामात जमतंय."

यूसुफनं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, पुसलं आणि सहज विचारलं, "घर में दिन भर कौन रहेगा?"

"ये रहेगी," प्रभाकरराव म्हणाले. "मैं खेत में, नहीं तो बाजार में."

"तो इनको पकड़ने दो."

वहिनी नको नको म्हणाल्या. यूसुफनं रिकामं रिव्हॉल्व्हर त्यांच्या हातात दिलं, तोंड समोर, बोट कुठं ते दाखवलं. वहिनींनी चाप ओढला. तो हलला नाही. यूसुफ म्हणाला, और ज़ोर से. त्यांनी दोन्ही हातांनी धरलं, ओठ दाबले, परत ओढला. निम्म्यावर आला आणि थांबला. त्यांनी रिव्हॉल्व्हर हळूच टेबलावर ठेवलं आणि उजवा अंगठा डाव्या मुठीत धरून उभ्या राहिल्या. तीस वर्षं इंजेक्शनच्या काचा फोडलेला हात तो. यूसुफनं प्रभाकररावांकडे पाहिलं.

प्रभाकररावांचा चेहरा उतरला. "तिचा अंगठ्याचा सांधा झिजलाय," ते माझ्याकडे बघून म्हणाले, जणू मीच विचारलं होतं. "तीन वर्षं झाली. फोटो मीच काढलाय. हाडावर हाड बसलंय तिथं."

गोळी मोठी की लहान यावर पाच महिने घालवलेल्या आम्हा दोन शहाण्यांना, ती झाडणार कोण हे एकदाही सुचलं नव्हतं. शिवाय लायसन्स मिळणार ते प्रभाकररावांच्या नावावर. वहिनींना हात लावायचीही सोय नव्हती. मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी यूसुफचे दोनदा आभार मानले.

परतताना बाहेर धूळ उठली होती, सिग्नलचे दिवेही पिवळट दिसत होते. निम्म्या वाटेवर प्रभाकरराव मागे न वळता म्हणाले, "दरवाजाला लोखंडी जाळी टाकू. कुत्रा पाळू. रात्री झोपायला एक गडी ठेवू."

वहिनींनी पर्सची चेन लावली.

"मग तूच सांग की. काय केलं म्हणजे राहशील तू?"

"कुठं राहशील ते विचारा की ओ," वहिनी म्हणाल्या.

प्रभाकरराव आता मागे वळले. मग म्हणाले, "कुठं राहशील?"

वहिनींना विचार करावा लागला नाही. "लातूरला. मुलींच्या शाळेसमोर एक बिल्डिंग आहे. पहिला मजला, दोन खोल्या, भाड्यानं मिळतील. समोरच्या दारात शकुंतला राहते, सोलापूरला माझ्याबरोबर ट्रेनिंगला होती ती. खाली मेडिकल आहे, अकरापर्यंत उघडं असतंय. गॅलरीत उभं राहिलं की माणसं दिसतात. मी बघून आलेय."

"बघून आलीस? कधी?"

"मागच्या मे महिन्यात. तुम्ही स्लॅबवर पाणी मारत होता तेव्हा."

प्रभाकररावांनी बोटांवर मोजल्यासारखं केलं. "मे म्हणजे... मास्तरांच्या घरी चोर यायच्या आधी."

"चोर दिवाळीत आले," वहिनी म्हणाल्या. "मला तिथं कधीच राहायचं नव्हतं. संध्याकाळी सहाला कडी लावायची आणि सकाळपर्यंत कुणाचा आवाज नाही. वॉर्डात आयुष्य गेलंय माझं. मला माणसं लागतात."

"सव्वीस वर्षांत एकदा सांगायचं होतंस, शैला."

त्यांचा आवाज चढला नव्हता. मला वाटलं चढायला हवा होता.

"तुम्ही दरवर्षी एक खोली बांधून यायलात," वहिनी म्हणाल्या. त्यांनी हे प्रभाकररावांच्याच बोलीत म्हटलं, चेष्टेनं नाही. "आल्यावर महिनाभर लोकांना फोटो दाखवायलात. सांगा ना, कुठल्या खोलीच्या वेळी सांगू?"

मागच्या गाडीनं हॉर्न दिला. सिग्नल केव्हाच सुटला होता. मी गाडी पुढे घेतली. भाजी घ्यायची राहिली, आणि तिची आठवण तिघांपैकी कुणीही काढली नाही.

जूनमध्ये दोघं एकाच विमानानं गेली. लातूरच्या त्या दोन खोल्यांत आता राहतात. वहिनी फोनवर खूप बोलतात आणि मागे कायम कुणाचा तरी आवाज असतो. प्रभाकररावही बरे आहेत. आठवड्यातून एकदा एसटीनं शेतावर जातात, सगळ्या खोल्यांची दारं उघडतात, झाडून घेतात, पंखे चालू करून बघतात, आणि दिवेलागणीच्या आत लातूरला परत येतात.