वावरावरून जाणारा उपग्रह

आमचं दिग्रसचं ऑफिस म्हणजे दोन टेबलं अन् एक कॉम्प्युटर. एक छोटा उपग्रह वरून वावरांचे फोटो काढतो. ते पाहून आम्ही शेतकऱ्यांना सांगतो, पीक कुठं हिरवं आहे, कुठं पिवळं पडतंय. फोटो यायला आठवडा लागतो. किस्से मात्र रोज येतात!

बोरी अरबच्या बाबुरावांना मी सहज बोलले, "काका, उद्या सकाळी उपग्रह तुमच्या वावरावरून जाणार." दुसऱ्या दिवशी गेले, तर सगळं घर नव्या कपड्यांत कपाशीत उभं! म्हटलं, "तो तर केव्हाच गेला." काकांचा चेहरा पडला.

"एवढ्या दुरून आला, अन् चहा न घेता गेला?"

आमचे साहेब पुण्याचे. बंजारा तांड्यावरच्या मीटिंगमध्ये रंगात येऊन म्हणाले, "आमचा उपग्रह सतत तुमच्या शेतावर लक्ष ठेवून असतो!" तांड्यातली सगळ्यांत म्हातारी झमकूयाडी उठली. "मंग काल रानडुकरं आलते, तवा हाकललं काहून नाही त्यानं?"

साहेबांनी मीटिंग आटोपती घेतली.

भर पावसाळ्यात उमरखेडहून एकाचा फोन. "मॅडम, तुमच्या फोटोत माह्या वावरात नुसता पांढराफटक कापूस दिसून राह्यला!"

"भाऊ, ते ढग आहेत."

पलीकडून हळूच, "आता राहू द्या. बायकोले दाखवून बसलो."

आणि आमचे दादाराव! धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण झालं, तेव्हापासून शेजारच्याच वावरातल्या धाकट्या भावाशी, किसनशी, बोलणं बंद. ऑफिसात येऊन म्हणायचे, "माहं वावर राहू दे. धुऱ्यापलीकडचं दाखव."

"भांडण आहे ना? मग कायले पाहता?" मी चिडवायची.

"त्याचं गवत इकडं येते का, ते पाहून राह्यलो!"

एकदा किसनची तूर फोटोत पिवळी दिसली. तीही ऐन फुलोऱ्यात. दादाराव बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसले. "इहीर आटली असन त्याची," एवढंच बोलून उठले.

पुढच्या फोटोत किसनची तूर हिरवी, अन् दादारावांची पिवळसर! मी गाडी काढली. पाहते तर दादारावांच्या विहिरीचा पाइप धुरा ओलांडून थेट किसनच्या तुरीत गेलेला, अन् दादाराव त्या पाइपावर घाईघाईनं माती ओढतायत.

मला पाहून दचकले. वर बोट करून म्हणाले, "हे त्याले दिसते काय?"

"नाही. पाइप फार बारीक असतो."

"मंग तूबी नाही पाह्यलं, पोरी!"