एवाल्टच्या टाकीतला नवा उजेड

जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या, घरी टाकीत प्रवाळ वाढवणाऱ्यांच्या मंडळात एक रीत आहे. आपलं प्रवाळ फोफावलं की फांदी तोडून दोघांना द्यायची. उद्या आपली टाकी दगावली तर बियाणं कुणाकडे तरी उरतं. एवाल्ट पोलमानने ही रीत कधी पाळली नाही. त्याच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत हिरवंगार, जांभळ्या टोकांचं एक प्रवाळ होतं. तसं साऱ्या मंडळात दुसरं नव्हतं, आणि नसावं, हीच त्याची मिजास. शेजारचा रोल्फ दर नाताळाला केक घेऊन यायचा नि फांदी मागायचा. एवाल्ट केक ठेवून घ्यायचा.

यंदा त्याने टाकीच्या झाकणातल्या जुन्या ट्यूब उपसून एलईडीच्या पट्ट्या बसवल्या.

"एवाल्ट, आधी पाव जोरावर ठेव हं," रोल्फ म्हणाला. "मग हळूहळू चढव. एकदम झोत टाकलास तर भाजेल बिचारं."

"जन्मभर ट्राम हाकलीय मी! मला हळूहळू शिकवतोस?" एवाल्टने बटण शेवटपर्यंत फिरवलं.

थोड्याच दिवसांत प्रवाळ उजळलं. आधी पोपटी, मग फिक्कं पिस्त्यासारखं. पत्त्यांचे सोबती कॉफीला आले ते आ वासून बघतच राहिले.

"याला म्हणतात उजेड!" एवाल्ट फुशारला.

पुढच्या रविवारी ते हाडासारखं पांढरंफटक पडलं. मग त्यावर शेवाळ चढलं. एवाल्टचं अन्नपाणी सुटलं.

शेवटी त्याच्या बायकोने, गुडरूनने, त्याला दंडाला धरून रोल्फकडे नेलं. तिथे जुनाट ट्यूबखाली तेच प्रवाळ फुललं होतं, जांभळ्या टोकांसकट.

"मीच दिली होती गुपचूप फांदी," गुडरून म्हणाली. "दरसाल फुकटचा केक खायची लाज वाटली मला."

रोल्फने कात्री उचलली. "बोल, केवढी तोडू? तुझंच आहे."

"माझं? माझं मेलं. हे चोरीचं!"

"अरे बाबा, जिवंत आहे ना ते!"

"चोरीचं!" म्हणत एवाल्ट दार आपटून निघून गेला.

त्याच्या टाकीवर अजून पूर्ण जोराचा उजेड असतो, नि खाली नुसता सांगाडा. आता गुडरून दर रविवारी स्वतः केक भाजून रोल्फकडे नेते. ती जाताना एवाल्ट मान वर करत नाही. परतल्यावर मात्र पेपराआडून विचारतो,

"वाढलंय?"

"वाढलंय."

"मग सांग त्याला, कुणाला देऊ नको म्हणावं."