सासूबाई गप्प झाल्या ती सकाळ

माझी थोरली बहीण लोकांच्या सुट्ट्या ठरवते. सुट्टीत लोळत पडण्यापेक्षा चालायला, सायकल दामटायला, होडी वल्हवायला ज्यांना आवडतं, अशांसाठी जागा शोधायच्या आणि तिथला मुक्काम निवडायचा, हे तिचं काम. चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर तिचं ऑफिस आहे, पण ती तिथे फारशी सापडत नाही. नुसते फोटो बघून ताई कशालाच होकार देत नाही. स्वतः जाते, पाठीवर ओझं घेऊन वाट चालते, मग मुक्कामाच्या खोलीत शिरून बूट काढते आणि सरळ पलंगावर आडवी होते.

"दमलेल्या माणसाला दोनच गोष्टी दिसतात गं," ती मला म्हणते. "उशी आणि खिडकी."

तिच्या सासूबाईंना या कामाचं भारी हसू यायचं. त्यांनी उभी हयात एका मोठ्या इस्पितळाच्या धुलाईघरात काढली आणि शेवटी तिथल्या मुख्य म्हणून निवृत्त झाल्या. त्यांना प्रत्येक गोष्टीवर मत होतं, आणि ते विचारायची वेळ त्या कुणावर येऊ देत नसत.

"घर सोडून डोंगरात जायचं, घाम गाळायचा आणि त्याला सुट्टी म्हणायचं! घामच गाळायचा तर आमच्या धुलाईघरात यायचं होतं की!"

एकदा घराचं रंगकाम काढलं होतं. वासाने सासूबाईंना खोकला लागला, भावोजी कामासाठी परगावी गेलेले, आणि ताईला नेमकं एक तळं बघायला जायचं होतं.

"आई, चला माझ्याबरोबर," ताई म्हणाली.

"मी? मी तिथे काय करू?"

"चादरी तपासा."

सासूबाईंनी नाक मुरडलं आणि बॅग भरायला घेतली.

तळ्याच्या अलीकडच्या काठावर एक झकपक हॉटेल होतं. लिफ्ट, मऊ गालिचे, आंघोळीला मोठा टब. सासूबाईंनी गादी दाबून बघितली, उशीचा वास घेतला आणि पसंतीची मान हलवली. ताईने खिडकी उघडली. समोर गाड्या लावायची जागा आणि पलीकडे भिंत.

"दिवसभर चालून आल्यावर हे बघायचं?" म्हणत ताईने खिडकी लावून टाकली.

पलीकडच्या काठावर एका बाईचं जुनं लाकडी घर होतं. तिथे रस्ता जात नव्हता. ती बाई स्वतः होडी घेऊन न्यायला आली. ढग इतके खाली उतरले होते की पाण्यापलीकडे काही दिसेना. सामानासारखं बसून राहणं सासूबाईंच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी एक वल्हं मागून घेतलं आणि पहिल्याच फटक्यात ताईला नखशिखान्त भिजवलं. पण ओल्या चादरी पिळून तयार झालेले हात ते! थोड्याच वेळात लय सापडली आणि होडी सुरेख निघाली.

घराचा जिना उभा होता, न्हाणीघर सगळ्यांना मिळून एकच. चादरी मात्र उन्हात वाळवलेल्या.

"स्वच्छ आहे," सासूबाई म्हणाल्या. "पण बघायला काय? धुकं?"

"सकाळपर्यंत थांबा," होडीवाली एवढंच म्हणाली.

सकाळी ताईला जाग आली तर शेजारचा पलंग रिकामा. बाहेर पाणी, आणि सासूबाईंना पोहता येत नाही. ताई अनवाणीच धावत सुटली. सासूबाई होडीच्या धक्क्यावर उभ्या होत्या. केस मोकळे, मान मागे टाकलेली. ताईने त्या बघत होत्या तिकडे पाहिलं, आणि तीही थबकली.

ढग फाटत होता. तळ्यातून थेट एक कडा उठला होता, त्यावरून धबधबे दोऱ्यांसारखे लोंबत होते. कड्याच्या माथ्यावर आकाश असेल असं वाटावं तिथे बर्फ होता. तो संपला म्हणेपर्यंत ढग आणखी सरकला आणि वर आणखी बर्फ निघाला. आयुष्यभर डोंगर बघितलेली माझी बहीण, तिलाही शिखर सापडेना. आणि ते सगळंच्या सगळं त्यांच्या पायांशी पाण्यात उलटं उभं होतं.

सासूबाईंनी ताईचा हात धरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण असा हात त्यांनी कधी धरला नव्हता.

"हे काल इथेच होतं?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं.

"हो, आई."

"आणि आपण याच्या पायाशी घोरत पडलो होतो?"

तेवढ्यात वर कुठेतरी बर्फाचा कपचा सुटला. पांढरी धूळ उडाली, खाली घरंगळली, विरूनही गेली. आवाज आलाच नाही. आता येणार नाही असं वाटलं, आणि तेव्हा तो आला, घनगंभीर, पोटात घुमणारा. सासूबाईंचे डोळे भरून आले होते आणि त्या हसत होत्या.

त्या दिवशी ताईबरोबर त्याही वरची वाट चढल्या. वळणावळणावर थांबत, वर बघत. दिवसभरात त्यांनी एकही मत दिलं नाही. ताईला वाटलं, यांना ताप तर नाही ना भरला!

ऑफिसात ताईचे साहेब कुरकुरले. उभा जिना, एकच न्हाणीघर, वर होडी वल्हवत जायचं, कोण येईल? ताई म्हणाली, "हे सगळं लोकांना आधीच सांगू या. ढग हटला नाही तर काहीच दिसणार नाही, हेही सांगू. मग ज्यांना यायचं ते येतील." काहींनी पाठ फिरवली. पण आले ते परतल्यावर ऑफिसात दबक्या आवाजात बोलायचे, अजून त्या कड्यासमोरच उभे असल्यासारखे. एका गटाला मुक्कामभर धुकंच मिळालं. ते पुढच्या वर्षी पुन्हा गेले.

आता ताई जागा बघायला निघाली की दोन तिकिटं निघतात. कुठे जायचं यावरून घरात रोज वाद. ताईला जंगल हवं असतं, सासूबाईंना उघडं माळरान. गेल्या आठवड्यात दोघी एका समुद्रकड्याची पायवाट चालायला गेल्या होत्या. संध्याकाळी सासूबाईंचा मला फोन आला. मागे वारा नुसता घोंघावत होता.

"अगं, आम्ही कड्यावर पोचलो, आणि खालून पाखरं उठली," त्या ओरडून सांगत होत्या. "हजारो! इतकी, की समुद्र दिसेना! तुझी ताई अजून तोंड उघडं टाकून उभी आहे. मी तरी कशीबशी फोनवर बोलतेय!"

आणि मग बराच वेळ मला फक्त वारा आणि पंखांचा आवाज ऐकू येत राहिला.